डाव्या चाकाचा हब

काकाच्या गॅरेजात गाडी आत घ्यायची तर आधी ड्रायव्हरला परीक्षा द्यावी लागायची. प्रश्न एकच. "पुढची चाकं कधी ओढायला लागतात?" बहुतेक जण छाती फुगवून सांगायचे, "लिव्हर टाकला की." काका त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवायचा. एखादाच म्हणायचा, "खाली उतरून दोन्ही हब बंद केल्यावर." त्याची गाडी त्याच दिवशी हातात घेतली जायची. बाकीचे दोन-दोन दिवस खोळंबायचे, शिव्या द्यायचे, आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून, साफ करून, एकही स्क्रू न उरवता परत बसवणारा हात आमच्याकडे दुसरा नव्हता.

लोक म्हणायचे, मिस्त्री तऱ्हेवाईक आहे. तऱ्हेवाईक वगैरे काही नाही. तो एका माणसाच्या मागावर होता. सव्वीस वर्षं. त्यातली शेवटची तेरा वर्षं मीही त्याच्या जोडीला होते, आणि खरं सांगायचं तर माझा दात त्याच्यापेक्षा जास्त होता.

हब म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपमध्ये पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक-एक कडी असते, वर हातानं फिरवायची मूठ. कडी मोकळी असली की चाक नुसतं गडगडत जातं, इंजिनाशी त्याचा संबंध नसतो. गाडी हलकी चालते. चिखल आला की ड्रायव्हरनं खाली उतरायचं, एका बाजूची मूठ फिरवून कडी बंद करायची, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूचीही करायची, आणि मग आत येऊन फोर-व्हीलचा लिव्हर टाकायचा. दोन्ही म्हणजे दोन्ही. एक जरी मोकळी राहिली तर इंजिनाचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूनं वाया जातो आणि पुढचं एकही चाक ओढत नाही. नावाला चार, कामाला दोन.

माझे बाबा दगडाच्या खाणीत मुकादम होते आणि काका, त्यांचा धाकटा भाऊ, त्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री. खाणीत जीप एकच. तिच्यावर ड्रायव्हरही एकच, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी सहा वर्षांची असताना एका दुपारी बाबांच्या मांडीवर दगड घसरला. त्यांना जीपच्या मागच्या भागात झोपवून उस्ताद शहराकडे निघाला. मधला ओढा भरलेला होता. जीप ओढ्याच्या काठच्या गाळात बसली ती बसलीच. ट्रॅक्टर आणून बाहेर काढायला चार तास गेले. तेवढ्या वेळात बाबांच्या अंगातलं रक्त गाडीच्या पत्र्यावर वाहून गेलं. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

चौकशी झाली मॅनेजरच्या केबिनमध्ये, पाव तासात. उस्ताद म्हणाला, "मी गाळात उतरून दोन्ही हब बंद केले. डावा सटकला. बसवलेलाच धड नव्हता." डावा हब महिन्यापूर्वी काकानं दुरुस्त केला होता. झालं. मॅनेजरलाही कुणाच्या तरी गळ्यात घोंगडं टाकून फाइल मिटवायची होती, कारण एवढ्या खाणीला एकच जीप का, असं कुणी विचारलं असतं तर त्याची पाचावर धारण बसली असती. काकाला बोलावलंसुद्धा नाही. घरी पत्र आलं: सदोष जोडणी, सेवा समाप्त.

ते पत्र आईनं वाचलं. तिचा नवरा दिराच्या हातानं गेला, असं त्यात शिक्का मारून लिहिलं होतं.

आमचं घर दोन मजल्यांचं, जिना एकच. आम्ही खाली, काका वर. त्या दिवसानंतर आई काकाशी एक शब्द बोलली नाही. जिन्यात तो समोर आला तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. घरात त्याचा उल्लेख "वरचा" असा व्हायचा. वरचा आला, वरचा गेला, वरच्यानं नळ उघडा ठेवला. त्यानं लग्न केलं नाही. आम्हाला काही लागलं तर तो वस्तू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आणून ठेवायचा आणि आई ती दोन-दोन दिवस तिथेच राहू द्यायची. मीही आईचं बघून त्याचा मनसोक्त द्वेष करायला शिकले. त्याच्या सायकलची हवा सोडणं हे माझं शाळेतलं एक नियमित काम होतं. त्यानं कधी विचारलं नाही. पंप सायकललाच बांधून ठेवायला लागला.

एकोणिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी सरळ गॅरेजात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "माझ्या बाबांना तू मारलंस का?"

काका जीपखाली होता. बाहेर आला, हात पुसले आणि टेबलाच्या खणातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. वर्कशॉपच्या रजिस्टरचं पान. त्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "डाव्या चाकाच्या हबची मूठ तुटली आहे. नवी मिळेपर्यंत सपाट टोपण बसवले आहे. हाताने फिरणार नाही. सीटखालच्या पान्याने उजवीकडे पाव फेरा द्यावा." खाली तारीख, आणि ड्रायव्हरची सही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बघायला गेलो," काका म्हणाला. "उजवा हब बंद होता. डावा मोकळा. पाना सीटखाली फडक्यात गुंडाळलेला, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. त्यानं डावा हब फिरवलाच नाही, पोरी. सटकायला आधी तो फिरवावा लागतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? मॅनेजरनं दारात उभं केलं नाही. पत्र आलं त्याच दिवशी वहिनीला हा कागद दाखवला. म्हणाल्या, कागद काय, कुणीही लिहितं. त्यांना त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय."

खाण बंद पडली होती, उस्ताद कुठे गेला कुणाला पत्ता नव्हता. पण मला तोपर्यंत माहीत नसलेला एक आनंद त्या दिवशी मिळाला. तेरा वर्षं मी चुकीच्या माणसावर दात-ओठ खाल्ले होते. आता बरोबर माणूस सापडला होता. मी गॅरेजातच कामाला लागले. आईला सांगितलं, स्पेअर पार्टच्या दुकानात आहे. ते अगदीच खोटं नव्हतं.

काकानं मला गाड्या शिकवल्या त्या पुस्तकासारख्या नाहीत. त्याच्या लेखी फोर-व्हील-ड्राइव्हचा सगळा इतिहास म्हणजे त्याच्या भावाला वाचवू न शकलेल्या गोष्टींची रांग होती. तो सांगायचा, शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या मोठ्या युद्धातच चारही चाकांनी ओढणारे ट्रक चिखलातून तोफा वाहत होते. दुसऱ्या युद्धातल्या जीपला तर हब नव्हताच. पुढच्या चाकांचे दांडे कायम जोडलेले. ड्रायव्हर कितीही आळशी असो, आत बसून लिव्हर टाकला की चारही चाकं कामाला. "ती जुनी, दणकट, अडाणी गाडी असती ना," तो म्हणायचा, "तर दादा आज खाली ओट्यावर बसून मला शिव्या देत असता." मग युद्ध संपलं, लोकांना पेट्रोल वाचवायची आणि गाडीचा आवाज कमी करायची हौस आली, आणि कुणीतरी शहाण्यानं चाकात ही मोकळी होणारी कडी बसवली. सुधारणा म्हणून.

त्यानंतरच्या सुधारणा तर त्याला जास्तच झोंबायच्या. आपोआप बंद होणारे हब आमच्याकडे पहिल्यांदा आले ते बाबा गेल्यावर दोन वर्षांनी. खाली उतरायलाच नको, लिव्हर टाकून गाडी जरा पुढे नेली की दोन्ही कड्या आपल्या आपण धरतात. म्हणे काकानं ती गाडी तपासली, मालकाला किल्ली दिली, आत जाऊन हातोडा भिंतीवर फेकला. भिंतीचा तो खड्डा मी बघितला आहे. मग कायम चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या आल्या. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे जुनी गाडी कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये ठेवली की तिचा गिअरबॉक्स आखडून बसायचा. या नव्या गाड्यांत तो फरक गिळायला मध्ये आणखी एक डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दातेरी जोडणी, घातलेलं. मग लिव्हरही गेला, गोल बटण आलं. आता तर गाडी स्वतःच ठरवते कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, ड्रायव्हरला कुणी विचारतही नाही.

"बरं झालं," मी एकदा म्हणाले. "ड्रायव्हर लोकांवर भरवसा ठेवायचाच कशाला?"

"सव्वीस वर्षं उशिरा झालं," काका म्हणाला. त्याला हिशेब पाठ होता.

त्याच वर्षी मला फोनवर तो व्हिडिओ दिसला. जुन्या गाड्या जमवणाऱ्या हौशी मंडळींचा एक क्लब, त्यांचा मेळावा, आणि माइकसमोर पांढऱ्या मिशांचा, ताठ पाठीचा म्हातारा. खाली लिहिलं होतं, "उस्तादांचे अनुभव". म्हातारा रंगात येऊन सांगत होता, "खाणीतला मुकादम मागे रक्तबंबाळ पडलाय, गाडी गाळात. मी कमरेपर्यंत पाण्यात उतरलो. दोन्ही हब ह्याच हातांनी फिरवले! पण मिस्त्रीचं काम कच्चं निघालं, काय करणार?" आणि माणसं हळहळून टाळ्या वाजवत होती. माझ्या बाबांच्या मरणावर टाळ्या.

मी फोन काकासमोर धरला. त्यानं तीनदा बघितला. मग म्हणाला, "'ह्याच हातांनी' म्हणाला ना? बास. आता तो आपला."

पुढचा मेळावा तीन आठवड्यांनी होता. त्या तीन आठवड्यांत काका दहा वर्षांनी तरुण झाला. गिअरबॉक्स उघडताना शीळ घालायचा. मी रोज मनात त्या म्हाताऱ्याला वेगवेगळ्या प्रकारे रडवायची. एकदा तर आंघोळ करताना त्याला दिलेलं उत्तर इतकं मोठ्यानं बोलले की आईनं दार ठोठावलं. आईला एवढंच सांगितलं, की बाबांना घेऊन गेलेला ड्रायव्हर सापडलाय, तो बोलणार आहे, तू चल. तिनं दोन दिवस विचार केला आणि कपाटातली चांगली साडी काढली.

मेळाव्याचं मैदान शहराबाहेर होतं. सकाळची वेळ, मांडवाखाली दोनशे खुर्च्या, समोर रांगेत चकचकीत केलेल्या जुन्या जीप, ज्यांनी आयुष्यात पुन्हा चिखल बघायचा नव्हता. आई आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो. काका मागे उभा राहिला. आई असेल तिथे तो बसत नसे.

उस्तादनं तीच गोष्ट सांगितली. ओढा, पाणी, रक्त. "दोन्ही हब ह्याच हातांनी," म्हणून त्यानं हात वर केले.

"कुणाला काही विचारायचंय?" निवेदकानं विचारलं.

काका खुर्च्यांमधून चालत पुढे आला. उस्तादनं त्याला ओळखलं नाही. सव्वीस वर्षांत काकाचे केस गेले होते आणि पाठ जीपखाली राहून राहून वाकली होती.

"डावा हब कशानं फिरवला?" काकानं विचारलं.

"हातानं. आणखी कशानं फिरवतात?" उस्ताद हसला. लोकही हसले.

"नक्की? मूठ धरून?"

"अहो, मूठ धरून! इकडून तिकडे. आयुष्य गेलं माझं."

"डाव्या हबला मूठच नव्हती," काका म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की मला गुदगुल्या झाल्या. "तुटली होती. मी सपाट टोपण बसवलं होतं. पान्याशिवाय ते फिरत नव्हतं. मी तो कच्च्या कामाचा मिस्त्री."

मैदानात कुजबूज उठली. उस्तादच्या तोंडचं पाणी पळालेलं मी डोळे भरून बघितलं. हेच बघायला मी तेरा वर्षं तेलात हात घातले होते. मी धावत मंचावर गेले, त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि प्लास्टिकमधला कागद त्याच्या छातीवर दाबला. "हा वाच. मोठ्यानं वाच सगळ्यांसमोर. खाली तुझीच सही आहे."

त्यानं कागद घेतला. बघत राहिला. ओठ हलले नाहीत.

"वाच ना!" मी ओरडले. तो वाचत नव्हता म्हणून मीच कागद हिसकावला आणि माइकमध्ये वाचला, एक-एक शब्द चावून. हाताने फिरणार नाही. सीटखालच्या पान्याने. उजवीकडे पाव फेरा. असं सुख मला आयुष्यात कधी लाभलं नव्हतं.

मी थांबले तेव्हा उस्ताद हलक्या आवाजात म्हणाला, "असं होय. पाना होता सीटखाली."

मग तो माझ्याकडे नाही, काकाकडे वळला. "मी गेलो होतो रे डावीकडे. कोपरापर्यंत हात घातला गाळात. चाचपून चाचपून नखं गेली माझी. मूठ लागेना. मला वाटलं, दगडावर आपटून तुटली. गाडी मी मोडली असं म्हणाले असते, म्हणून चौकशीत दोन्ही फिरवले सांगितलं. खोटं बोललो. तुझी नोकरी गेली, मी गप्प बसलो, ते पाप माझं. पण ह्या कागदात काय आहे ते मला आज कळतंय, मिस्त्री. मला वाचता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. तूच रजिस्टर पुढे सरकवलंस, म्हणालास, ओढ एक रेघ."

"नाटक करतोय!" मी म्हणाले. बाही आणखी घट्ट धरली. "काका, सांग ह्यांना, नाटक करतोय हा."

काका माझ्या हातातल्या कागदावरच्या त्या सहीकडे बघत होता.

दुसऱ्या रांगेतून आई उठली. हळूहळू चालत काकासमोर येऊन उभी राहिली, भिंतीकडे तोंड न करता.

"भाऊजी," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता. "ह्या उस्तादांना वाचता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हण, मी मनात किंचाळत होते. नाही म्हण, काका. एक शब्द. कुणाला कळणार आहे?

"ठाऊक होतं, वहिनी," काका म्हणाला.

"मग तोंडानं का नाही सांगितलं?"

काकानं पँटच्या कापडाला हात पुसले, स्वच्छच होते तरी. "हा मला सगळ्यांदेखत ठोक्या म्हणायचा. मिस्त्री नाही, नुसता ठोक्या. मी म्हटलं, लिहून ठेवू. अडेल तेव्हा येईल नाक मुठीत धरून, विचारेल, बाबा रे, काय लिहिलंयस. सगळ्यांसमोर विचारावं लागेल. मग मी वाचून दाखवीन."

"आला विचारायला?"

"नाही आला. महिनाभर वाट बघितली. हब कायमचा बंद करून ठेवला असता तरी चाललं असतं, थोडं डिझेल जास्त गेलं असतं एवढंच. पण मग त्याला विचारायला यावं लागलं नसतं. म्हणून मोकळा ठेवला."

मला वाटलं आई काकाला मारेल, किंवा रडेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. मान वळवून मला म्हणाली, "त्यांची बाही सोड."

मी सोडली. म्हातारा मनगट चोळत खुर्चीवर बसला. काका खाली बघत उभा होता. माझी मूठ मात्र आवळलेलीच राहिली, आणि ती आता कुणावर उगारायची, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.